फुंकलं की हात जायचा

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मी बरा आहे. आज सकाळी उसाला पाणी सोडून आलो, आंघोळ केली आणि लिहायला बसलो. उजव्या हाताची दोन बोटं जरा मागं राहतात, त्यामुळं अक्षर वाकडं येतं. पण मनात इतकं दाटलंय की कधी एकदा सांगतो असं झालंय.

माझं नाव हणमंत. गाव कडेगावपासून हाकेच्या अंतरावर. सतरा वर्षं फौजेत होतो, पण माझ्या हातात बंदूक कमी आणि क्लॅरिनेट जास्त. मी बँडमध्ये होतो. पेन्शनीत आल्यावर गावातल्या लग्नाच्या बँडची पोरं म्हणाली, "हवालदार, आता आमच्यात या." गेलो. फौजेत आम्ही मार्च वाजवायचो, इथं नवरदेवापुढं वाजवायला लागलो. वाजवणं तेच, फक्त ऐकणारे नाचायला लागले. मला लय आवडलं.

परण्याच्या दिवशी

मे महिना, दुपारचे बारा. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघालेला. आमच्याकडं या मिरवणुकीला परण्या म्हणतात. मी एक लांब सूर धरला होता. तो सूर मी हमखास धरायचो, कारण तो धरला की मंडळी शिट्ट्या मारायची. सूर अर्ध्यात आला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं भोकांवरून अलगद सुटली. कुणी हिसका दिला नाही, दुखलं नाही. हात आपला खाली लोंबायला लागला, जसा दुसऱ्याचाच असावा. डाव्या हातानं क्लॅरिनेट कशीबशी धरली.

ढोल वाजवणारा सर्जेराव जवळ आला. "काय झालं रं?"

मला म्हणायचं होतं, काही नाही. तोंडातून आलं, "कप… कप."

तो हसला. त्याला वाटलं मी चहा मागतोय. मला मात्र कळत होतं की मी बोलतोय ते मला बोलायचं नाही. पाचेक मिनिटं गेली असतील. मग हात परत आला, बोलणं परत आलं. लिंबू सरबत प्यालो आणि मंगल कार्यालयापर्यंत वाजवत गेलो.

ही माझी पहिली चूक. आलं तसं गेलं म्हणून सोडून दिलं. कुणाला असं झालं तर परत वाजवत जाऊ नका. गाडीत बसा आणि दवाखाना गाठा.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडं गेलो, पण अर्धंच सांगितलं. हाताला मुंग्या आल्या, एवढंच. बोलणं गेलं होतं हे सांगायची लाज वाटली, दारू प्यायलाय म्हणतील म्हणून. त्यांनी मानेची नस दबली असेल असं सांगून गळ्याला पट्टा दिला. त्यांना दोष देत नाही. मी सांगितलं तेवढ्यावरच त्यांनी औषध दिलं.

सुवर्णाची वही

माझी बायको सुवर्णा गावात आशा ताई आहे. कुणाच्या लेकराला कधी डोस, कुणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं तिच्या वहीत असतं. मला दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती समोर होती. तिनं माझ्या हातात एक कोरी वही ठेवली.

"काय करत हुता, ते लिवा. किती वाजले, ते बी लिवा."

"त्यानं काय हुणार?"

"लिवा तर."

मी लिहीत गेलो. पिठलं गरम होतं, फुंकून खात होतो, हात गेला, तीन मिनिटं. आंघोळीच्या पाण्याला चूल पेटत नव्हती, फुंकणीनं फुंकली, जीभ जड झाली. घरात तालमीतला नवा तुकडा वाजवत होतो, हात गेला, सात मिनिटं. तनुजाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या वाढदिवसाचे फुगे, तिसऱ्या फुग्याला हात गेला.

एका सकाळी सुवर्णा वही घेऊन उंबऱ्यात बसली होती. वाचता वाचता ताडकन उठली आणि थेट गोठ्यात आली.

"आवं, ह्यात सगळीकडं तुमी फुकताय."

मी शेणाची पाटी खाली ठेवली. वही तिच्या हातातून घेतली. पिठलं, चूल, क्लॅरिनेट, फुगे. महिनाभर माझ्याच हातानं लिहीत होतो आणि मला दिसलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं आला असेल, पण त्यात आनंदही होता. काहीतरी सापडलं होतं. हे उगाच होत नव्हतं, याला धागा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो.

"परत सांगा"

मेंदूच्या डॉक्टर मॅडम तशा तरुण होत्या. बाहेर रांग होती, आत मान खाली घालून लिहिणं चाललं होतं. मी म्हणालो, "मॅडम, फुंकलं की माझा हात जातो."

पेन थांबला. त्यांनी मान वर केली.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. सुवर्णानं वही पुढं केली. मॅडमनी पानं उलटली, एक एक ओळ बोटानं वाचली. चेहरा असा झाला की जणू गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं.

"वाजवून दाखवू का?" मी विचारलं. क्लॅरिनेटची पेटी सोबत आणली होती. तेवढ्यात एक भाग जोडलासुद्धा.

"नको," त्या जवळजवळ ओरडल्याच, "इथं अजिबात नको. आता कुठंच नको."

मग एमआरआय झाला आणि दोन दिवसांनी अँजिओग्राफी. मांडीच्या शिरेतून नळी घालतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढतात. औषध सोडलं की डोक्यात गरम लाट येते, घाबरायचं नाही, क्षणात जाते. एवढं सोडलं तर मांडी न हलवता सहा तास पडून राहायचं, हाच काय तो त्रास.

संध्याकाळी मॅडमनी पडद्यावर फोटो दाखवला. मानेतून वर येणारी मोठी वाहिनी मेंदूत शिरताना बारीक होत होत जवळजवळ बंद झालेली. दोन्ही बाजूंना. आणि तिच्या पुढं एक धुरकट ठिपका, बिडीच्या धुरासारखा.

"हा धूर म्हणजे बारीक बारीक रक्तवाहिन्या," मॅडम म्हणाल्या. "मोठी वाट बंद व्हायला लागली म्हणून मेंदूनं स्वतः काढलेल्या. जपानी डॉक्टरांनी याला त्यांच्या भाषेतलं धुराचं नाव दिलं. मोयामोया."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. माणूस जोरजोरात श्वास घेऊन सोडतो, फुंकतो, हमसून रडतो, तेव्हा मेंदूच्या वाहिन्या आकसतात. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. माझ्याकडं मुळातच रक्त तोकडं, त्यामुळं तेवढ्यावर हात जायचा. आज तो परत येतो, एखाद्या दिवशी येणार नाही. लकवा होऊ शकतो. मोठ्या माणसांत त्या बारीक वाहिन्या फुटून रक्तस्रावही होऊ शकतो. आजार दुर्मिळ आहे. गोळीनं बरा होत नाही, पण ऑपरेशन आहे.

अशा वेळी माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझं उलटं झालं. मी हसायला लागलो. दोन महिने मी वेडा नव्हतो, नाटक करत नव्हतो, माझ्यावर कुणी करणी केली नव्हती. माझ्या आजाराला नाव होतं, आणि ते नाव माहीत असलेली बाई माझ्यासमोर बसली होती.

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्यांवर आल्यावर सुवर्णानं माझा दंड धरला. "हसताय काय तुमी? लकवा म्हणाल्या त्या." तिचे डोळे लाल होते. तेव्हा माझं हसू गेलं. आजार एकट्या माझा नव्हता, हे तिथं त्या पायऱ्यांवर कळलं.

रडायला बंदी

ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनी होती. तोवर नियम होते. रक्त पातळ करायची गोळी रोज. पाणी भरपूर, तहान लागायच्या आत. उन्हात जायचं नाही, उपास धरायचा नाही. फुंकायचं नाही. चहा बशीत ओतून गार होऊ द्यायचा. आणि रडायचं नाही.

आता घरात एवढं मोठं संकट आणि रडायला बंदी. आई माझ्यासमोर डोळ्याला पदर लावायची नाही. म्हशीच्या गोठ्यात जाऊन रडून यायची आणि नाक ओढत म्हणायची, "धारंला गेलते." दुपारी तीन वाजता कसली धार? तिला आजाराचं नाव घेता यायचं नाही. विचारपूस करायला येणाऱ्या बायांना सांगायची, "मायामाया झालीया त्येला." एकजण म्हणाली, "बरं हाय की मग, माया कुणाला नको असती?" त्यावर आम्ही सगळे हसलो. हसण्यालाही मर्यादा होती, पण मॅडमनी हळू हसायला परवानगी दिली होती.

खरी अडचण होती दत्तादादाची. माझा थोरला भाऊ. शेती तोच बघतो. वडील वारल्यापासून मला तोच बापाच्या जागी. त्याचं एकच म्हणणं.

"डोस्क्याला हात लावू द्यायचा न्हाई."

आप्पांचं, आमच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा दादानंच सही केली होती. आप्पा त्यातून उठले नाहीत. ती सही त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. मला हे माहीत होतं, तरी त्या दिवशी मी बोलून गेलो.

सकाळची वेळ. न्याहारी झाली होती. दादा म्हणाला, "गोळीवर निघतंय तवर काढायचं. कापाकापी न्हाई. मी सही करणार न्हाई."

"तुझी सही मागतंय कोण?" मी म्हणालो. "आप्पांच्या वेळंला केलीस ती बास झाली."

दादाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला रडू फुटलं. आवरायला गेलो तर हुंदके आणखी वाढले. लहान पोरासारखा रडलो. आणि हात गेला.

सुवर्णानं लगेच भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं. आम्ही वाट बघितली. एरवी पाच-सात मिनिटांत यायचा. दहा मिनिटं झाली. हात आला नाही. तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं होतं. सुवर्णा उठली. "दादा, गाडी काढा."

विटा, तासगाव, मिरज. दादानं जीप कशी चालवली हे सांगत नाही, पोलीस वाचत असतील. सगळ्या वाटेनं तो एकच म्हणत होता, "हणमा, बोल काय तर. शिव्या दे मला." मला शिव्या येत होत्या, पण जिभेवर चढत नव्हत्या. मी त्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला. तेवढंच जमलं.

दवाखान्याच्या दारातच सुवर्णानं सांगितलं, "दहा वीसला सुरू झालं. ही गोळी चालू हाय. ही वही." नंतर मॅडम म्हणाल्या की नातेवाईक एवढं नेमकं सांगत नाहीत. कधी सुरू झालं, हे आधी विचारतात, आणि बहुतेकांना ते आठवत नाही. तेवढं घड्याळाकडं बघायचं लक्षात ठेवा.

बारका झटका होता. बोलणं संध्याकाळपर्यंत आलं. हात आठवडाभरात आला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं आलं नाही.

दादाचे प्रश्न

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा दादा उठून उभा राहिला. टोपी हातात.

"मॅडम, अडाणी माणूस हाय. त्ये ऑपरेशन काय करत्यात, मला समजंल असं सांगा."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या. कानापुढून डोक्याच्या कातड्याला रक्त नेणारी एक शीर असते. ती मोकळी करायची, कवटीला छोटं भोक पाडायचं आणि तिचं टोक मेंदूवरच्या शिरेला जोडायचं. म्हणजे बंद वाटेला वळसा घालून रक्त आत जाईल.

दादा विचार करत राहिला. "म्हंजी मोठा पाट गाळानं बुजलाय. तर शेजारच्या पाटाला दारं पाडून पानी वळवायचं."

"अगदी तसंच."

"मग शेजाऱ्याचं वाळणार न्हाई?"

मॅडम हसल्या. "चांगला प्रश्न आहे. डोक्याच्या कातड्याला दुसरीकडूनही भरपूर रक्त येतं. वाळत नाही."

"आन् न्हाई केलं तर?"

"तर जे परवा झालं, ते याहून मोठं होऊ शकतं. केलं तरी धोका आहेच. ऑपरेशनच्या वेळीच झटका येऊ शकतो. मी खोटं सांगणार नाही. पण न करण्यात जास्त धोका आहे."

दादानं टोपी डोक्यावर घातली. "कागद आना," म्हणाला. मी शुद्धीत होतो, सही माझीच चालणार होती. पण साक्षीदाराची जागा होती. तिथं त्यानं सही केली. दत्तात्रय, पूर्ण नाव, हळूहळू, कुठंही घाई न करता.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी वॉर्डातच होतो. दर दोन तासांनी सिस्टर यायच्या. नाव सांगा. महिना कुठला. दोन्ही हात वर करा, डोळे मिटा. जीभ दाखवा. मला फौजेची सवय, मी कॉटवर बसून सावधान व्हायचो आणि कडक आवाजात उत्तर द्यायचो. शेजारचे पेशंट हसायचे. तिसऱ्या कॉटवरचे एक जैन आजोबा, सांगलीत हळदीचा व्यापार केलेले, तेही मग माझ्यासारखंच ओरडून नाव सांगायला लागले.

एक सिस्टर अथणीच्या होत्या. मराठी येत असूनही पाण्याचं मात्र कानडीतच म्हणायच्या, "नीर कुडीरी." पाणी प्या. बाटली भरलेली दिसली की ओरडा, रिकामी दिसली की शाबासकी. आजही मी बाटली उचलली की त्यांचा आवाज येतो.

भीती नव्हती असं नाही. मरणाची भीती मला फार वाटली नाही, फौजेत तिच्याशी थोडी ओळख झालेली असते. मला भीती होती की मी उठेन आणि समोर माझी लेक असेल आणि मला तिचं नाव सांगता येणार नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न्हावी डोक्याचे केस काढत होता तेव्हा सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, "नाव न्हाई आलं तर नुसतं बघा तिच्याकडं. तिला कळंल."

गप

सात तास लागले. शुद्धीत आलो तेव्हा सर्जननी विचारलं, "हात उचला बघू." उचलला. पायाची बोटं हलवली. नाव सांगितलं. सुवर्णाला काचेतून दिसलो तेव्हा मी सलाम ठोकला. सगळं छान झालं, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं गेलं.

मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. इतकी वर्षं तहानलेल्या जागी एकदम रक्त आलं की मेंदू काही दिवस गोंधळतो. लगेच स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, झटका नाही. रक्तदाबावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. "थांबायचं," मॅडम म्हणाल्या. ऐकायला सोपं आहे. मला सगळं कळत होतं, मनात वाक्यं तयार होती आणि तोंडातून एकही शब्द निघत नव्हता. तनुजाला घरच्यांनी मुद्दाम आणलं. मी तिच्याकडं बघितलं. सुवर्णानं सांगितलं होतं तसंच. तनुजानं माझं बोट धरलं आणि शाळेतली भांडणं सांगत बसली. एकदाही विचारलं नाही की पप्पा का बोलत नाहीत.

गंमत अशी की मला गुणगुणता येत होतं. चाल येत होती, शब्द येत नव्हते. वाचा शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "गुणगुणा, त्याच वाटेनं शब्द येतील." मी सगळे मार्च गुणगुणलो. दादा उशाला बसून अखंड बोलायचा. मेंदू जागा राहावा म्हणून कुणीतरी त्याला बोलत राहा असं सांगितलं होतं, आणि त्यानं ते फारच मनावर घेतलं होतं. ऊस, पाऊस, सोसायटी, शेजाऱ्याचा बांध, म्हशीचं पोट, परत ऊस. चौथ्या दिवशी सकाळी तो ठिबकच्या नळ्यांबद्दल तिसऱ्यांदा सांगत होता.

"दादा," मी म्हणालो, "गप."

तो गप झाला. मग त्याला कळलं. उठला आणि वॉर्डाच्या दारात जाऊन मोठ्यानं म्हणाला, "गप म्हनला. मला गप म्हनला त्यो." सिस्टर धावत आल्या. जैन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. ती हसत होती आणि रडतही होती, आणि तिला रडायला बंदी नव्हती.

शिरेचा ठेका

दोन दिवसांनी मॅडम पेनासारखं एक यंत्र घेऊन आल्या. कानाच्या वर, टाक्यांच्या शेजारी थोडा गार लेप लावला आणि यंत्र टेकवलं. खरखर झाली, आणि मग आवाज आला. शूप… शूप… शूप.

"हे तुमचं नवीन रक्त," त्या म्हणाल्या. "जोडलेल्या शिरेतून आत जातंय."

मी आयुष्यात हजार वाद्यं ऐकली असतील. असलं ऐकलं नव्हतं. मी आपोआप डाव्या हातानं चादरीवर ठेका धरला. संथ मार्च. एकही मात्रा चुकत नव्हती. "मॅडम, आवाज वाढतो का?" मी विचारलं. त्यांनी वाढवला. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. दादानं कान पुढं केला, ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "पानी लागलं." मला त्या कॉटवरून उडी मारावी वाटत होती.

आता काय चाललंय

सगळं पूर्वीसारखं झालं, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. ऑपरेशन मेंदूच्या डाव्या बाजूचं होतं, उजवा हात तीच बाजू चालवते; सहा महिन्यांनी स्कॅन झाला, तिथं रक्त चांगलं पोचतंय. उजव्या बाजूवर लक्ष ठेवून आहेत, कदाचित तिचंही ऑपरेशन करावं लागेल. गोळी आणि पाणी जन्मभर. घट्ट टोपी चालत नाही, चष्म्याची काडी कानापुढं रुतलेली चालत नाही, कारण तिथूनच शीर जाते. क्लॅरिनेट रोज दहा मिनिटं, हळू, खालच्या सुरात, तीही मॅडमना विचारून. दोन बोटांखालची भोकं नीट झाकत नाहीत, सूर फाटतो. ज्या दिवशी हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवलं आणि चार दिवस उघडलं नाही.

आता बँडमध्ये मी पुढं उभा राहून वाजवून घेतो. पोरांना नोटेशन शिकवतो. लांब सूर आता दुसराच पोरगा धरतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याची चूक काढली. तेवढं केल्यावर बरं वाटलं.

आणि दहा माणसांत बोलायची लाज गेली. कुणी विचारलं की सांगतो. म्हणूनच एक दिवस मॅडमचा फोन आला.

लोणंद

लोणंदला रेश्मा नावाची तरुण बाई होती, शाळेचे गणवेश शिवणारी. तिला माझाच आजार. तिनं मॅडमना सांगितलं होतं की हे ऑपरेशन झालेलं माणूस मला जिवंत बघायचंय. मॅडमनी तिला विचारून मला नंबर दिला.

मी आणि सुवर्णा कऱ्हाडहून रेल्वेनं गेलो. बाजारपेठेच्या मागं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर निळं कापड अर्धं शिवलेलं. रेश्मानं पाणी दिलं. सासू दाराशी पाटावर बसल्या होत्या. कपाळावर आठ्या.

रेश्मानं विचारलं, "दादा, दुखतं का?"

"दुखतं. आठवडाभर डोकं जड असतं. जबडा उघडत नाही नीट, भाकरी कुस्करून खावी लागते. माझी वाचा तीन दिवस गेली होती. तुमची जाईल की नाही मला माहीत नाही."

सुवर्णा म्हणाली, "तीन दिवस मला लय जड गेलं. त्यांच्यापरास मला जास्त." रेश्माचा नवरा खिडकीशी उभा होता. त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं.

सासू बोलल्या. "आवं, समदं खरं. पर जित्त्या माणसाच्या डोस्क्यात भोक पाडायचं म्हंजी काय? चालती बोलती हाय पोरगी. आमी न्हाई करायचं म्हंतो."

मी वाद घातला नाही. दादानं शिकवलंय मला ते. मी पाटाजवळ खाली बसलो आणि मान त्यांच्याकडं केली. केसांतून टाक्यांची रेघ दिसते, कानापासून वर गेलेली.

"मावशी, हितं बोट ठेवा."

त्या मागं सरल्या. मग सुनेकडं बघितलं, आणि दोन बोटं माझ्या कानापुढं टेकवली. शिवणाऱ्या घरातल्या बाईची बोटं, खरखरीत. बोटं थोडी वर सरकवली, कवटीत शीर जिथं शिरते तिथपर्यंत. तिथंही ठोका लागतो.

"उडतंय की," त्या हळूच म्हणाल्या.

"तेच रक्त आत जातंय."

त्यांनी बोटं काढली नाहीत. रेश्मा जागची हलली नव्हती. मग सासूंनी हात मागं घेतला, पदराला पुसला आणि तिच्याकडं न बघता मला विचारलं,

"हिला तारीख कवाची मिळंल?"

मी खिशातून फोन काढला. मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला.